दर उन्हाळ्यात गाडीच्या एसीचा गॅस जातो? गळती घरीच कशी शोधायची

आमचं जळगाव, म्हणजे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जाणं नेहमीचंच, आणि त्यात गाडीचा एसी गेला की दुपारी म्हाताऱ्या माणसांना किंवा लहान पोरांना घेऊन बाहेर पडताच येत नाही. मागच्या आठ-नऊ वर्षांत माझी गाडी, ताईची, शेजारच्या नानांची, ऑफिसातल्या दोघा-तिघांची असं धरून हा एकच बिघाड मी दहा-बारा वेळा तरी शोधलाय. मी काही मेकॅनिक नाही, पण प्रत्येक वेळी सुरुवात तीच असते, "मागच्या वर्षीच गॅस भरला होता, यंदा परत संपला". गाडीच्या एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. रबरी होजमधून अगदी किंचित झिरपतो खरा, पण त्याने फरक पडायला बरीच वर्षं लागतात. दर वर्षी भरावा लागतोय म्हणजे कुठून तरी गळतोय आणि ती जागा सापडेपर्यंत भरलेला प्रत्येक गॅस हवेतच जाणार आहे.

आधी लक्षणं बघा

"एसी लीक होतोय" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांच्या गाडीत गॅस नाही तर पाणी गळत असतं, आणि ते दुरुस्त करायला जवळजवळ काहीच खर्च नाही, म्हणून आधी हे वेगळं करा.

पाणी असेल तर ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरचं मॅट ओलं होतं, वळण घेताना डॅशबोर्डच्या आतून पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येतो, एसी लावला की कुबट वास सुटतो, पावसाळ्यात काचा आतून सारख्या धुरकट होतात. गाडीच्या खाली रस्त्यावर पाण्याचे थेंब पडत असतील तर काळजी नको, आतल्या कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ गार होऊन जमते आणि ते पाणी असंच बाहेर पडायला हवं. मात्र मॅटवरचा ओलावा बोटाला चिकट लागला, गोडसर वास आला किंवा हिरवा-गुलाबी रंग दिसला तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे, हीटरच्या बाजूने गळतंय, त्याचा एसीशी संबंध नाही आणि त्यात इंजिन तापू शकतं, तिथे वेळ न घालवता गॅरेजला जा.

गॅस गळत असेल तर गॅस भरल्यावर मस्त गार होतं आणि मग काही दिवसांत किंवा महिन्यांत हळूहळू कमी होत जातं, एका दिवसात अचानक नाही. सकाळी ठीक वाटतं, दुपारी उन्हात दम निघतो. बॉनेट उघडून ऐकलं तर कॉम्प्रेसरचा, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचा, क्लच टक करून लागतो आणि पाच-सात सेकंदात सुटतो, परत लागतो. गॅस कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला बंद करतो, थोडं प्रेशर वाढलं की परत चालू, असं ते चालतं. हे लक्षण दिसलं की शोधाशोध होईपर्यंत, तपासणीला लागतं तेवढं सोडून, एसीचं बटन बंदच ठेवा. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, गॅस कमी तर ऑइलही नीट परत येत नाही, आणि कोरडा चालून कॉम्प्रेसर जाम झाला तर शंभर रुपयांचं काम पंचवीस-तीस हजारांवर जातं.

आणि दोन गोष्टी गळतीसारख्या वाटतात पण गळती नसते. हायवेला गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर आधी समोरचा फॅन बघा. व्हेंटमधून हवाच कमी येत असेल, पण जेवढी येते तेवढी गार असेल, तर फिल्टर बघा. एसी बंद केल्यावर डॅशबोर्डमागे थोडा वेळ सुस्स असा आवाज येतो तोही बहुतेक वेळा नेहमीचाच असतो, दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होत असतं.

फुकटच्या तपासण्या: फिल्टर, फॅन, कंडेन्सर

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांमध्ये ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांत निघतो. आमच्याकडे धुळीने तो सहा महिन्यांत गोधडीसारखा होतो. तो काढून एकदा ब्लोअर लावून बघा. हे पहिल्यांदा अशासाठी की फिल्टर तुंबला की हवा कॉइलवरून पुरेशी जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो, अर्ध्या तासाने कूलिंग जातं, आणि माणूस जाऊन गॅस भरून येतो. जास्तीचा गॅस भरला की कूलिंग आणखी बिघडतं, हा मुद्दा पुढे परत येईल.

मग इंजिन चालू, एसी चालू, बॉनेट उघडं, आणि रेडिएटरसमोरचा फॅन फिरतोय का ते लांबूनच बघा. हात आत घालायचा नाही, फॅन आपोआप कधीही सुरू होतो, काही गाड्यांमध्ये तर इंजिन बंद केल्यावरही. ओढणी, गमछा, लांब बाह्या आवरून मगच वाका. फॅन ठीक असेल तर गाडी थंड झाल्यावर कंडेन्सर, म्हणजे अगदी पुढची ती बारीक जाळी, साध्या पाण्याच्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशरने नको, पत्रे वाकतात.

पाणी आत येत असेल तर ड्रेन पाइप

कूलिंग कॉइलच्या डब्याखालून एक रबरी नळी निघते, साधारण ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या बाजूला, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून बाहेर पडते आणि खाली तोंड करून असते. पाऊस, धूळ, झाडाचा कचरा, कधी कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर, यातलं काहीतरी तिच्यात अडकतं. एकदा नानांच्या गाडीतून मातीचा पूर्ण गोळा निघाला होता आणि त्याच्यामागे लिटरभर पाणी आलं.

तपासायचं कसं, तर गाडी सपाट जागेवर लावून वीस मिनिटं एसी चालवा आणि खाली थेंब पडतात का बघा. पण हे कोकणात किंवा पावसाळ्यातच खरं धरा. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की नळी मोकळी असली तरी पाणी जेमतेम येतं, म्हणून थेंब नाही म्हणजे नळी तुंबली असा निष्कर्ष लगेच काढू नका, मॅटखाली हात घालून ओल आहे का ते बघा.

साफ करायला खालून मऊ प्लास्टिकची बारीक नळी किंवा लांब केबल टाय हळूच सरकवा, फिरवा, बाहेर काढा. छत्रीची काडी, तार, स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नको कारण आत थोड्याच अंतरावर अ‍ॅल्युमिनियमची कॉइल आहे आणि तिला एक भोक पडलं की पाण्याची गळती सोडवता सोडवता गॅसची गळती विकत घेतली. पंक्चरवाल्याकडचा हवेचा फुल प्रेशरही नको, नळी आतल्या बाजूने निसटते. आणि पाणी निघालं म्हणजे काम झालं असं नाही, कार्पेटखालचा फोम पाणी धरून ठेवतो, तो उचलून दोन दिवस उन्हात कडक वाळवा, नाहीतर बुरशी धरते आणि खालून गेलेल्या वायरिंगच्या जोडांना गंज लागतो.

पाण्याचं काम इथेच संपतं. पुढचं सगळं गॅसचं.

तेलाचा डाग शोधा

ही तपासणी माझ्या सगळ्यात आवडीची आहे कारण एक पांढरा जुना कपडा आणि टॉर्च सोडून काही लागत नाही आणि सापडण्याची शक्यता चांगली असते. गॅसबरोबर ऑइल फिरतं हे वर सांगितलं. जिथून गॅस निसटतो तिथून ऑइलही थोडं थोडं येतं, गॅस उडून जातो, ऑइल तिथेच राहतं, आणि आमच्या खानदेशातली धूळ त्यावर चिकटून काळा ओलसर डाग तयार होतो.

इंजिन थंड असताना एसीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांवरून नजर फिरवत जा. कॉम्प्रेसरला पाइप लागतात ते जोड, कंडेन्सरला लागतात ते जोड, गॅस भरायची दोन तोंडं, पाइप आणि रबरी होज जिथे दाबून एकत्र केलेत तो भाग, कॉम्प्रेसरच्या पुढच्या चाकामागची जागा, कंडेन्सरचा खालचा कोपरा जिथे दगड लागतात, आणि पाइप एखाद्या क्लॅम्पला घासतोय का ती जागा. प्रत्येक ठिकाण कपड्याने पुसून बघा. इंजिन ऑइलचा डाग सगळीकडे पसरलेला असतो, एसीचा डाग जोडाभोवतीच असतो, आजूबाजू कोरडी. डाग सापडला तर मोबाइलवर फोटो काढा, मग जागा स्वच्छ पुसून ठेवा आणि आठ दिवसांनी परत बघा. परत ओली झाली तर जागा पक्की.

ताई रत्नागिरीला असते, तिच्या गाडीत हा डाग कंडेन्सरच्या खालच्या कडेला होता आणि जाळीचे पत्रे हाताने चुरा होत होते. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचं असंच होतं. तिथे घरी करण्यासारखं काही नव्हतं, कंडेन्सर बदलला, पण जागा आधीच माहीत असल्यामुळे दाजींनी सरळ तेवढंच काम सांगितलं.

साबणाचा फेस, आणि ते टोपण

गॅस भरायची तोंडं दोन असतात. जाड पाइपवर लो साइड, बारीक पाइपवर हाय साइड, टोपणांवर बहुतेक एल आणि एच लिहिलेलं असतं. दोन्हीच्या आत मोटरसायकलच्या ट्यूबसारखी वॉल्व पिन असते. गॅस भरताना दर वेळी ती पिन दाबली जाते, तिच्या बुडाला कचरा अडकतो, रबर झिजतं, आणि ती किंचित गळायला लागते. म्हणजे बघा, गळतीमुळे गॅस भरायचा आणि भरल्यामुळे अजून गळायचं, हे चक्र असंच चालू राहतं. टोपण धुळीसाठी असतं असं सगळ्यांना वाटतं, पण त्याच्या आत रबरी रिंग असते आणि पिन थोडी गळत असेल तर गॅस थांबवणारी ती शेवटची गोष्ट असते.

हे मला फार महागात कळलं. २०१७ च्या मे मध्ये आप्पांना तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला नेत होतो, तेव्हाचं औरंगाबाद. तीनच आठवडे आधी गॅस भरून घेतला होता, एसीवाल्याने सांगितलं होतं, "साहेब, दर वर्षी भरावाच लागतो." चाळीसगाव सोडलं, कन्नडच्या घाटात पुढे ट्रक अडकला आणि तासभर उभे राहिलो, एसीतून गरम हवा. आप्पा तेव्हा चौऱ्याहत्तरचे, तोंडातून शब्द काढला नाही पण चेहरा बघवत नव्हता. घरी आल्यावर रात्रीच बॉनेट उघडलं. हाय साइडच्या तोंडाला टोपणच नव्हतं, भरल्यावर लावायचं राहून गेलेलं, आणि तोंडावर साबणाचा थेंब टाकला तर मोठा होत जाणारा बुडबुडा. वर्षानुवर्षं मी गॅसचे पैसे देत होतो आणि जागा डोळ्यासमोर होती. त्या रात्रीपासून मी हे शोधायला लागलो.

तर करायचं असं. भांडी घासायचा लिक्विड साबण थोड्या पाण्यात, दाटसर, फार फेस न करता. इंजिन बंद. टोपण हळूच काढा, तोंड गळत असेल तर टोपण काढतानाच फुस्स असा बारीक आवाज येतो, चेहरा जवळ नेऊ नका, डोळ्यांवर चष्मा हवाच. तोंडात साबणाचे दोन थेंब सोडा आणि दोन मिनिटं थांबा. एक बुडबुडा हळूहळू फुगला तर पिन गळतेय. बाकीच्या जोडांवर रंगाच्या बारीक ब्रशने साबण लावा, आणि घाई नको, बारीक गळतीत फेस यायला पाच-सात मिनिटंही लागतात.

इंजिन बंद ठेवूनच का, तर बेल्ट-फॅनचा धोका आहेच, पण अजून एक कारण आहे. एसी चालू असताना लो साइडला ३०-४० पीएसआयच्या आसपासच प्रेशर असतं. बंद करून गाडी ३५ अंशाच्या हवेत तासभर उभी राहिली की दोन्ही बाजू सारख्या होऊन आर-१३४ए या एसीच्या गॅसचं प्रेशर ११० च्या थोडं वर जातं. म्हणजे लो साइडची गळती गाडी बंद असतानाच चांगली दिसते. हाय साइडला उलटं आहे, चालू असताना ते आमच्या उन्हात अडीचशेच्या वर जाऊ शकतं, म्हणून हाय साइडचे जोड एसी दहा मिनिटं चालवून, इंजिन बंद करून लगेच तपासायचे.

ज्यांच्याकडे प्रेशर मोजायचं गेज आहे त्यांच्यासाठी एक सांगतो. बंद गाडीत ११० दिसलं म्हणजे गॅस फुल आहे असं नाही. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी प्रेशर तापमानावरच ठरतं, निम्मा गॅस गेला तरी आकडा तोच. आकडा ३०-४० दिसला तर मात्र गॅस जवळजवळ संपलाय हे नक्की.

बुडबुडा आला तर दोन्ही टोपणांची आतली रिंग बघा, चपटी किंवा तडकलेली असेल तर रिंगवालं नवीन टोपण आणा, पन्नास-शंभर रुपयांचं काम, आणि हाताने घट्ट बसवा, पकडीने नाही. पिन स्वतः फिरवायला जाऊ नका, उलटी फिरली तर सगळा गॅस चेहऱ्यावर येतो आणि द्रव गॅस उणे २६ अंशाला उकळतो, कातडी जागीच गोठते. पुढच्या वेळी गॅस मशीनने काढतील तेव्हा पिना बदलून घ्या, आणि त्या एसीच्याच हव्यात, टायरच्या नकोत, टायरच्या पिनेचं रबर या गॅस-ऑइलमध्ये टिकत नाही. माझ्या दहा-बारा गाड्यांपैकी पाचमध्ये गळती टोपण आणि पिन इथेच निघाली.

डाय टाकून रात्री बघणं

डाग नाही, फेस नाही, तरी दोन-तीन महिन्यांत गॅस जातोय, मग यूव्ही डाय. हा चमकणारा रंग ऑइलमध्ये मिसळून फिरतो आणि गळतीच्या जागी जमतो. स्वतः भरण्यापेक्षा पुढचा गॅस भरताना एसीवाल्याला थोडासा टाकायला सांगा, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढंच, जास्त टाकला तर ऑइल पातळ होतं. काही गाड्यांत कंपनीतूनच असतो. चार-आठ दिवस एसी वापरा, मग रात्री अंधारात यूव्ही टॉर्च आणि सोबत मिळणारा पिवळा चष्मा घेऊन सगळे जोड बघा, हिरवट-पिवळं चमकतं ते लपत नाही. शेवटी ड्रेन पाइपच्या तोंडावर टॉर्च मारा. तिथे चमकलं तर गळती आतल्या कूलिंग कॉइलची आहे, आणि मग टॉर्च बंद करायचा, शेवटचा "इथे थांबा" हा भाग वाचा.

ओ-रिंग: इथपर्यंतच घरचं काम

जोडातून गळत असेल तर बहुतेक वेळा आतली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग, वाळलेली असते. रिंग फार तर वीस-तीस रुपयांची, पण जोड उघडण्याआधी गॅस बाहेर काढलेला असलाच पाहिजे, आणि तो हवेत सोडायचा नाही. आर-१३४ए चा एक किलो म्हणजे तापमानवाढीच्या हिशेबाने जवळपास १४३० किलो कार्बन डायऑक्साइड, छोट्या गाडीतले ४०० ग्रॅम धरले तरी साडेपाचशे किलोच्या वर. जो उन्हाळा आपल्याला एसी लावायला लावतो त्यातच आपण भर घालतो. म्हणून ज्याच्याकडे गॅस ओढून घेणारं मशीन आहे अशा दुकानात जा, गॅस काढून घ्या, एसी बंद ठेवून घरी या, रिंग बदला, परत जाऊन व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं, आणि मग गॅस. ज्या कॉम्प्रेसरला क्लच नाही, जो कायम फिरत असतो, त्या गाडीत हे करू नका, रिंगही तिथेच बदलून घ्या.

रिंग एसीचीच घ्या, बहुतेक हिरव्या रंगाची मिळते, पाण्याच्या नळाची काळी रिंग गॅसने फुगते. जुनी रिंग दुकानात नेऊन मापाने घ्या. उघडताना दोन पाने वापरा, एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा पाइपच पिळला जातो. नवी रिंग कॉम्प्रेसरच्या ऑइलचं बोट लावून बसवा, कोरडी नको. उघडं तोंड लगेच स्वच्छ प्लास्टिक आणि टेपने बंद करा, कारण हे ऑइल हवेतली ओल भराभर शोषतं, ओल आत गेली की आम्ल तयार होऊन कॉइल आतून खाल्ली जाते. तोंडं तासन्‌तास उघडी राहिली असतील तर ड्रायरही बदलून घ्या, ती ओल धरणारी छोटी बाटली असते.

व्हॅक्यूम मारताना तिथे उभे राहा. कमीत कमी अर्धा तास पंप, मग पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं काटा हलतोय का बघायचं. काटा वर सरकला तर अजून गळती आहे, गॅस भरू देऊ नका. जळगावला काटा उणे २९ इंचांच्या आसपास जातो. माझा भाऊ पुण्यात असतो, त्याचा २८ च्या पुढे जाईना म्हणून तो भांडायला निघाला होता, पण पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, हवेचा दाबच कमी, तिथे २८ म्हणजे पूर्णच. आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा, बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो तेवढाच. हात लावून "झालं गार" म्हणून भरलेला गॅस जास्त झाला तर कंडेन्सरमध्ये जागा उरत नाही, प्रेशर चढतं, कूलिंग कमी होतं.

हे करू नका

स्टॉप-लीकचा, म्हणजे गळती आतून बुजवायच्या औषधाचा, डबा टाकू नका. तो ओलीच्या संपर्कात घट्ट होतो, एक्स्पान्शन वॉल्व (कूलिंग कॉइलच्या आधीचं गॅसचं बारीक तोंड) आणि दुकानदाराचं मशीन दोन्ही तुंबवतो, नंतर चांगला एसीवाला गाडीला हातच लावत नाही. पाइपला एम-सील लावू नका, साबणाच्या फेसात पहिल्याच आठवड्यात परत बुडबुडे दिसतात. स्वस्त म्हणून कुणी घरगुती गॅससारखा पेटणारा गॅस भरून देत असेल तर तिथून निघा, गळती केबिनमध्ये झाली तर एका ठिणगीचं काम आहे. गॅसचा छोटा डबा हाय साइडला कधीही जोडू नका, गाडीचं प्रेशर उलटं डब्यात जाऊन डबा फुटतो. ज्योत दाखवून गळती शोधू नका, जळलेल्या गॅसचा धूर विषारी असतो. आणि बंद गॅरेजमध्ये हे काम नको, गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.

इथे थांबा आणि एसीवाल्याकडे जा

कूलिंग कॉइल गळत असेल तर, कारण बऱ्याच गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि त्यात एअरबॅग असते. कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलमधून गळत असेल तर. पिनेतून किंवा जोडातून काळं, चमकी मिसळल्यासारखं ऑइल आलं तर, कॉम्प्रेसर आतून झिजतोय. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर पहिल्या तपासणीपासूनच, तिथे कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, नारिंगी वायरला हात लावायचा नाही, आणि ऑइलही वेगळं असतं. स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलं असेल तरी, तो गॅस थोडा पेटणारा आहे, महाग आहे आणि त्याची तोंडं आणि मशीन वेगळी लागतात. आणि गॅस भरून एका दिवसात गेला तर, कुठेतरी मोठं भोक आहे, फेसाने वेळ घालवू नका.

एसीवाला निवडताना मी फोनवरच चार गोष्टी विचारतो. गॅस हवेत सोडता का मशीनने काढता, व्हॅक्यूम किती वेळ, गॅस वजनाने भरता का, आणि गळती शोधायला नायट्रोजन आहे का. नायट्रोजन कोरडा असतो, त्याने प्रेशर धरून गळती शोधता येते. साध्या कॉम्प्रेसरची हवा भरणार म्हणाला तर ओल आत जाते, आणि ऑक्सिजन म्हणाला तर गाडी तिथे नेऊच नका, ऑइल आणि ऑक्सिजन एकत्र म्हणजे स्फोट. तुम्ही काढलेले डागाचे फोटो त्याला आधी दाखवा, "एसी गार होत नाही" एवढंच सांगितलं की तो गॅस भरणार, "या जोडातून गळतंय" सांगितलं की तो जोड उघडणार.

दुरुस्ती झाली की हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावत जा, ऑइल फिरून सील आणि रिंगा ओल्या राहतात. नानांची गाडी दिवाळी ते होळी उभीच असते, दर वर्षी पहिल्या उन्हात त्यांचा गॅस गेलेला असायचा. टोपणं, दोन्ही पिना आणि कंडेन्सरच्या जोडाची एक रिंग बदलली, ४२० ग्रॅम भरला, बॉनेटच्या आत कागदावर तारीख आणि वजन लिहून चिकटवलं. यंदा तिसरा उन्हाळा आहे, परवा बघून आलो, साबण लावला, बुडबुडा नाही.